एक कोटी सदुसष्ट लाख ओळी

एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा! एका फाइलमध्ये एवढ्या ओळी. प्रत्येक ओळीवर एक आकडा, दुसरं काही नाही. आणि या सगळ्या आकड्यांत मिळून काळ किती मावतो, तर ६८ मिनिटं १६ सेकंद. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचं यंत्र गुरुत्वीय लहरींची चाहूल घेत सेकंदाला १६,३८४ नोंदी करतं. त्यांची जरा विरळ केलेली, सेकंदाला ४०९६ आकड्यांची प्रत म्हणजे ही फाइल. लांबी ४०९६ सेकंद, सेकंदाला ४०९६ ओळी. हा गुणाकार दोनचा बरोबर चोविसावा घात येतो, आणि गणित शिकवणाऱ्या बाईला तेवढ्यानंच भरून येतं.

ही फाइल कुणालाही मिळते. ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरनं ती जगासाठी फुकट ठेवली आहे. मी हिंगोलीत बसून ती उतरवून घेतली आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय. कृष्णविवरांमुळे नव्हे बरं का! कृष्णविवरांबद्दल पुष्कळ लिहून आलंय. मला वेड लावलं ते त्याआधीच्या पायरीनं: संगणक ही फाइल ओळ-ओळ वाचतो म्हणजे नेमकं काय करतो? त्याचा वेळ जातो कुठे? आणि तेच काम एका पद्धतीनं मिनिटं खातं आणि दुसऱ्या पद्धतीनं पापणी लवायच्या आत होतं, हे कसं?

पण हिंगोलीत ही फाइल आलीच का, ते आधी सांगते. आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. १७ फेब्रुवारी २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली, ६ एप्रिल २०२३ ला सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा ४ किलोमीटर. ज्या औंढ्याला आपण ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जातो, त्याच्या शेजारच्या जमिनीतून उद्या असेच आकडे निघणार, सेकंदाला हजारोंनी, रात्रंदिवस. आपल्या मातीतून निघणारे आकडे आपल्याला वाचता यायला नकोत का? म्हणून मी आणि अकरावीतली माझी भाची, दोघी लॅपटॉप घेऊन बसलो.

सुरुवात छोट्या फाइलनं केली. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली गेली, त्या क्षणाच्या आजूबाजूचे फक्त ३२ सेकंद. ओळी १,३१,०७२. वर माहितीच्या तीन ओळी: आकडे कसले, सेकंदाला किती, सुरुवात कोणत्या क्षणापासून. त्यांच्याखाली आकड्यांची रांग. पहिलाच आकडा २.१७७०४० असा सुरू होतो, दशांश चिन्हापुढे अठरा अंक चालतो आणि शेवटी त्याला दहाचा उणे १९ वा घात लागलेला असतो. ओळीमागे साधारण पंचवीस अक्षरं, त्यात पंचविसावं न दिसणारं, ‘ओळ संपली’ असं सांगणारं. आकडा उण्यात गेला की आणखी एक. सगळी मिळून फाइल तेहतीस लाख बाइटच्या घरातली.

इथे पहिला धक्का बसला, आणि तो मला इतका आवडला की भेटेल त्याला सांगत सुटले आहे.

आपला प्रोग्राम डिस्कला हात लावू शकत नाही! फाइलमधलं एक अक्षर हवं असलं तरी त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, कर्नलकडे, अर्ज करावा लागतो. या अर्जाला सिस्टिम कॉल म्हणतात. प्रत्येक अर्जाच्या वेळी प्रोसेसर आपलं काम बाजूला ठेवतो, कर्नलच्या हद्दीत शिरतो, परवानगी तपासतो, बाइट देतो आणि परत येतो. हे सगळं सेकंदाच्या एखाद्या दशलक्षांश भागात उरकतं, म्हणून जाणवत नाही. पण मागितलेला बाइट एक असो की चार हजार, अर्जाचा खर्च जवळपास तेवढाच. आमच्या मोंढ्यातला हमाल गोदामात एकेक हळकुंड नेऊन ठेवायला लागला तर हंगाम संपेल. तो पोतं उचलतो. संगणकाचं पोतं म्हणजे बफर. सी भाषेतल्या ओळ वाचणाऱ्या सोयी लिनक्सवर बहुधा एकदम ४०९६ बाइट मागून घेतात आणि तुम्हाला त्यातून एकेक ओळ काढून देतात. तुम्हाला वाटतं आपण ओळ वाचली; खरं तर ओळ केव्हाच आपल्या दाराशी येऊन थांबलेली असते.

हे नुसतं वाचून समाधान होईना. लिनक्सवर एसट्रेस नावाचं एक छोटं साधन असतं. प्रोग्रामनं कर्नलकडे किती अर्ज केले, कोणते केले, ते मोजून समोर ठेवतं. आम्ही सीमध्ये दोन प्रोग्राम लिहिले. पहिला थेट कर्नलकडून एकेक बाइट मागणारा. दुसरा एफगेट्स ही सीची सोय वापरून ओळ मागणारा. दोघांचं काम एकच, ओळी मोजणं. दोघांचं उत्तरही एकच. पण एसट्रेसच्या तक्त्यात ‘रीड’ समोरचा आकडा पाहिला आणि दोघी ओरडलोच. पहिल्यात तेहतीस लाखांच्या वर, दुसऱ्यात आठशेच्या थोडा पुढे! तीच फाइल, त्याच ओळी, तोच लॅपटॉप. मग एसट्रेस बाजूला ठेवून मोठी फाइल घेतली, एक कोटी सदुसष्ट लाखवाली. तिचा आकार बेचाळीस कोटी बाइटच्या वर. बाइट-बाइट मागणारा प्रोग्राम सुरू करून मी चहा टाकला. चहा उकळला, गाळला, पिऊनही झाला. “मावशी, हँग झालाय का गं?” भाचीनं विचारलं. हँग नव्हता झाला, बेचाळीस कोटी अर्ज करत बसला होता बिचारा. एफगेट्सवाल्यानं तीच फाइल काही सेकंदांत संपवली.

बरं, इथे एक गोष्ट मोजणाऱ्यानं ध्यानात ठेवायची. एकदा वाचलेली फाइल लिनक्स मेमरीत जमेल तेवढी राखून ठेवतं. त्यामुळे पहिली फेरी डिस्कच्या वेगाची असते आणि दुसरी मेमरीच्या. दोन पद्धतींची तुलना करायची तर दोन्हींची पहिली फेरी सोडून द्यावी. आम्ही तसंच केलं.

बफर कळला म्हणजे संपलं, असं नाही. खरी मौज पुढे आहे. बफरमधली ओळ तुमच्या हातात येते कशी? तर नक्कल होऊन! एका आकड्याचा प्रवास बघा. डिस्कवरून तो कर्नलच्या राखीव जागेत येतो, ही एक प्रत. तिथून प्रोग्रामच्या बफरमध्ये, ही दुसरी. बफरमधून तुमच्या ‘ओळ’ नावाच्या जागेत, ही तिसरी. पायथॉनसारख्या भाषेत त्या बाइटांची अक्षरं करून नवी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, बनते. शेवटचं अदृश्य अक्षर छाटलं की आणखी एक स्ट्रिंग. एवढं झाल्यावर कुठे त्याचा आकडा होतो, आणि आकडा झाला की या सगळ्या प्रती कचऱ्यात. मी इतकी वर्षं बेरजा, वर्गमुळं, त्रिकोणमिती शिकवते आहे, आणि संगणकही त्यातच दमत असेल असं कुणालाही वाटेल. तो दमतो नकला करण्यात! गणिताला लागणारा वेळ त्यापुढे किरकोळ.

नकलांचा सगळ्यात भयंकर, आणि मला सगळ्यात सुंदर वाटलेला प्रकार म्हणजे स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडणं. समजा छोट्या फाइलच्या सगळ्या ओळी एकामागे एक चिकटवून एकच लांब स्ट्रिंग करायची आहे. जावामध्ये स्ट्रिंग एकदा बनली की बदलत नाही. म्हणून ‘जुनी अधिक नवी’ म्हटलं की जावा नवी जागा घेतो, जुनी अख्खी स्ट्रिंग तिथे उतरवतो आणि शेवटी नवी ओळ लावतो. दुसऱ्या ओळीच्या वेळी पहिली पुन्हा उतरवली. तिसरीच्या वेळी पहिल्या दोन. हजाराव्या ओळीच्या वेळी आधीच्या नऊशे नव्व्याण्णव. शाळेत शिकवतो ती एक ते एनपर्यंतची बेरीज इथे जिवंत होऊन समोर उभी राहते. मी कागदावर मांडलं: १,३१,०७२ ओळी, ओळीमागे २५ बाइट. फाइल तेहतीस लाख बाइटची, पण नकला होतात एकवीस हजार चारशे कोटींहून जास्त बाइटांच्या! तेहतीस लाखांसाठी एकवीस हजार कोटी. कागद भाचीला दाखवला तर तिनं पुन्हा स्वतः गुणून पाहिलं. उत्तर तेच.

आणि यावरचा उपाय किती साधा! जावात स्ट्रिंगबिल्डर आहे. तो जागा भरली की जवळपास दुप्पट जागा घेतो. दर वेळी दुप्पट घेतल्यामुळे जुनं उतरवून काढायची वेळ क्वचित येते आणि एकूण नकला फाइलच्या आकाराच्या दोन-तीन पटींतच आटोपतात. भूमिती श्रेणीची बेरीज, दहावी-अकरावीचं गणित. पायथॉनमध्ये सगळे तुकडे यादीत गोळा करून शेवटी एकदाच जोडायचे, त्यासाठी जॉइन आहे. सीमध्ये स्ट्रकॅट वापरलं तर आणखी वेगळीच अडचण: सीच्या स्ट्रिंगला स्वतःची लांबी माहीत नसते, शेवटी शून्य बाइट आला की संपली, एवढंच. त्यामुळे शेपटी शोधायला प्रत्येक वेळी डोक्यापासून चालत जायचं. लांबी आपण लक्षात ठेवली आणि मेमकॉपीनं थेट तेवढ्या जागी उतरवलं, की ही पायपीट संपते.

मग नकला वाईटच का? मला आधी तसं वाटायला लागलं होतं, पण जावाचाच एक किस्सा वाचला आणि विचार बदलला. जावामध्ये पूर्वी एखाद्या लांब स्ट्रिंगचा तुकडा काढला तर नक्कल होत नसे. तुकडा मूळ स्ट्रिंगच्याच अक्षरांकडे बोट दाखवून राही. वेगवान, काटकसरी, सगळं छान. फक्त एवढंच, की तुम्ही पाच अक्षरांचा तुकडा जपून ठेवलात, तर त्याच्यापायी मूळ अख्खी लांबलचक स्ट्रिंग मेमरीत अडकून पडायची. २०१२ मध्ये, जावा ७ च्या सहाव्या सुधारणेत, हे बदललं. आता तुकडा काढला की नक्कल होते. थोडा वेळ गेला, पण तुकडा स्वतंत्र झाला. भाषा घडवणारी मंडळी अशा एकेका नकलेवर वर्षानुवर्षं विचार करत असतात, हे कळल्यावर मला त्या कामाबद्दल फार आदर वाटू लागला.

आणि ओळ वाचण्यात घाई केली की काय होतं, त्याचा इतिहास तर थरारक आहे. सीमध्ये गेट्स नावाची सोय होती. ओळ वाचून तुम्ही दिलेल्या जागेत उतरवायची, पण जागा किती आहे हे विचारायचीच नाही. २ नोव्हेंबर १९८८ ला इंटरनेटवर सुटलेला मॉरिस वर्म हा घुसखोर प्रोग्राम ज्या वाटांनी संगणकांत शिरला, त्यांतली एक वाट हीच होती. ५१२ बाइटांच्या जागेत त्याहून लांब ओळ लोटून दिली, जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीवर पसरली आणि बाहेरच्याचा हुकूम चालू लागला. अखेर २०११ च्या सी प्रमाणकातून गेट्स काढून टाकण्यात आली. एफगेट्सला जागेची मर्यादा सांगावीच लागते, ती याचसाठी. एक ओळ वाचण्यात एवढी जबाबदारी असते!

आता भाषांचं. कुठली भाषा वेगवान, असा प्रश्न लोक विचारतात. मला जे दिसलं त्यावरून मी म्हणेन, भाषेपेक्षा तिच्यात ओळ कुठल्या दारानं आणता ते महत्त्वाचं. सी प्लस प्लस ही वेगवान म्हणून नावाजलेली, पण तिचं सीइन हे नेहमीचं वाचन मुळात सीच्या वाचनाशी जुळवून घेत चालतं, म्हणजे दोन्ही मिसळून वापरले तरी गोंधळ होऊ नये. ही सांगड सोडायला एक ओळ लिहावी लागते, सिंक विथ एसटीडीआयओ ‘फॉल्स’. ती लिहिली की तोच प्रोग्राम कितीतरी पटींनी पळतो. रस्ट भाषेत लाइन्स म्हटलं की प्रत्येक ओळीला नवीन स्ट्रिंग. रीड लाइन म्हणून तीच जागा पुन्हा पुन्हा दिली की नवी जागा मागण्याचा खर्च जातो. गो भाषेतला स्कॅनर ओळ बाइटांच्या रूपात दाखवतो तेव्हा नक्कल करत नाही. टेक्स्ट म्हणून मागितली की करतो. मात्र ६४ किलोबाइटहून लांब ओळ आली की आपणहून थांबतो.

पायथॉनचा तर मेमरीचा हिशोबच बघण्यासारखा. पंचवीस अक्षरांची ओळ स्ट्रिंग म्हणून ठेवायची, तर तिच्या अक्षरांशिवाय नोंदवहीसाठी आणखी चाळीस-पन्नास बाइट जातात. मोठ्या फाइलच्या सगळ्या ओळी एका यादीत भरल्या तर जवळपास दीड जीबी मेमरी लागते. तेच आकडे नमपाय या पायथॉनच्या गणिती साधनसंचाच्या अॅरेमध्ये ठेवले तर आकड्यामागे ८ बाइट, एकूण १३,४२,१७,७२८. म्हणजे बरोब्बर १२८ मेगाबाइट! त्याच नमपायमध्ये मजकुराच्या फाइली वाचणारी लोडटेक्स्ट नावाची सोय आहे. ती पूर्वी पायथॉनमध्येच लिहिलेली होती आणि संथ म्हणून प्रसिद्ध होती. २०२२ च्या १.२३ आवृत्तीत ती सीमध्ये नव्यानं लिहिली गेली आणि एकदम पळायला लागली. वापरणाऱ्याला एक अक्षर बदलावं लागलं नाही.

आणि आपली मराठी? हे तर विचारल्याशिवाय राहवेचना. आकड्यांची फाइल बाजूला ठेवून आम्ही पाच ओळींची फाइल केली: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा, वसमत. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘वसमत’ला काना-मात्रा नाही, चार चिन्हं, १२ बाइट. ‘हिंगोली’ची चिन्हं सात, कारण वेलांटी, अनुस्वार, काना-मात्रा वेगळी मोजली जातात, म्हणून २१ बाइट. पायथॉन हीच स्ट्रिंग मेमरीत चिन्हामागे २ बाइटांनी ठेवतो. पण इंग्रजीत लिहिलेल्या लांब ओळीत एक जरी देवनागरी अक्षर आलं, तरी ती अख्खी ओळ चिन्हामागे दोन बाइटांवर जाते. २०१२ मध्ये आलेल्या पायथॉन ३.३ पासून ही योजना आहे.

पण खरं रत्न वेगळंच आहे. ‘हिंगोली’मधला ‘ह’ बाइटांत उतरवला तर २२४, १६४, १८५ असे तीन आकडे मिळतात. तिन्ही १२७ च्या वर. देवनागरीतलं कुठलंही चिन्ह घ्या, त्याचे तिन्ही बाइट १२७ च्या वरच असतात. आणि ‘ओळ संपली’ची खूण आहे १०. म्हणजे मराठी मजकुराच्या पोटात १० हा बाइट चुकूनही सापडणार नाही! अक्षरं न उलगडता, नुसत्या बाइटांवरून, मराठी फाइलच्या ओळी बिनधास्त तोडता येतात. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून यूटीएफ-८ ची ही रचना आखली. त्यांनी औंढ्याचं नाव ऐकलं असेल-नसेल, पण ‘औंढा’ हा शब्द ओळीत सुखरूप राहील याची सोय त्या दिवशी झाली.

१० हा बाइट शोधायचा वेग तर काय वर्णावा. आजचे प्रोसेसर एका झटक्यात १६ किंवा ३२ बाइट शेजारी-शेजारी ठेवून ‘यात कुठे १० आहे का’ असं एकदम विचारू शकतात. सीमधली मेमसीएचआर हेच करते. ग्नू ग्रेप हे शोध घेणारं साधन तर त्याच्याही पुढचं: ते ओळी पाडायच्या भानगडीतच पडत नाही. आधी शब्द शोधतं, सापडला तरच त्याच्या मागचा-पुढचा ओळीचा शेवट पाहतं. जे काम करायचीच गरज नाही ते न करणं, ही त्याच्या वेगाची गोम.

या विचाराचं टोक २०२४ च्या जानेवारीत जगानं पाहिलं. गुन्नर मॉर्लिंग या जावा प्रोग्रामरनं सगळ्यांना आव्हान दिलं: शंभर कोटी ओळींची मजकूर फाइल, प्रत्येक ओळीवर एका हवामान केंद्राचं नाव आणि तापमान. प्रत्येक केंद्राचं किमान, सरासरी आणि कमाल तापमान काढा, भाषा जावा. सरळ-साध्या पद्धतीला ४ मिनिटं ४९ सेकंद लागले. प्रोसेसरचे आठ कोअर वापरून जिंकलेल्या प्रोग्रामला १.५३५ सेकंद! दीड सेकंदात शंभर कोटी ओळी. कसं केलं? फाइल मेमरीत सरळ जोडून घेतली, म्हणजे बफरात उतरवायची नक्कल गेली. तिचे तुकडे करून सगळ्या कोअरना एकाच वेळी कामाला लावलं. एकेक अक्षर न बघता आठ-आठ बाइट एका मोठ्या संख्येसारखे तपासले. आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: केंद्रांची वेगवेगळी नावं होती फक्त ४१३. मग शंभर कोटी वेळा नावाची स्ट्रिंग का बनवायची? नाव पहिल्यांदा दिसलं तरच बनवा, नंतर बाइटांवरूनच ओळखा. हे वाचल्यावर मी रात्री उठून पुन्हा लॅपटॉप उघडला.

कारण लायगोच्या फाइलीतही हेच शहाणपण उपयोगी पडतं. १४ सप्टेंबर २०१५ ची ती लहर आली १३० कोटी प्रकाशवर्षं दूरवरून. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. आपल्या फाइलीत ती साधारण मधोमध आहे, साठ हजारांच्या पुढच्या ओळींत. कळण्याजोगा भाग सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे आठशेच्या आसपास ओळी. पण त्या ओळी नुसत्या वाचून काही दिसत नाही, कारण यंत्रातला गोंगाट त्या लहरीच्या शंभरेक पट मोठा आहे. गोंगाट गाळून घ्यावा लागतो, मग लहरीचा अपेक्षित आकार घेऊन त्या रांगेवर सरकवत जुळतो का पाहावं लागतं. ही जुळणी अशा एकमेकांत मिसळणाऱ्या जोड्यांसाठी कशी करायची, यावर पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच काम प्रसिद्ध केलं होतं. आकार एक नाही, हजारो तपासायचे असतात. दर वेळी मजकुराची फाइल पुन्हा ओळ-ओळ वाचत बसलो तर जन्म जाईल. एकदाच वाचा, आकडे ८ बाइटांच्या रूपात साठवा, मग कितीही वेळा वापरा. खुद्द ओपन सायन्स सेंटरही मजकुराबरोबर तोच डेटा एचडीएफ-५ या द्विमान रूपात देतं, ते यासाठीच. मजकुराची फाइल माणसानं डोळ्यांनी पाहावी म्हणून, आणि माझ्यासारखीला नकला मोजता याव्यात म्हणून!

आम्ही लायगोच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, दोन्ही वेधशाळांच्या फाइली शेजारी ठेवल्या. लहर लिव्हिंग्स्टनला आधी पोचली, हॅनफर्डला सुमारे ७ सहस्रांश सेकंदानं नंतर. ओळींच्या हिशोबात तो फरक अठ्ठावीस-एकोणतीस ओळींचा. दोन वेधशाळांमधलं तीन हजार किलोमीटरचं अंतर अठ्ठावीस ओळींत! या फरकावरूनच लहर आकाशातल्या कुठल्या बाजूनं आली याचा अंदाज बांधतात. दुधाळ्याची वेधशाळा या जोडीला मिळाली की पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूच्या ओळींचाही फरक कळेल आणि दिशा कितीतरी नेमकी होईल. हिंगोलीची वेधशाळा जगाला हवी आहे, ती या ओळींच्या फरकासाठी.

म्हणून हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढ्यातल्या शिक्षकांना आणि अकरावी-बारावीच्या, आयटीआयच्या, बीएस्सीच्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. लायगो-इंडिया सुरू व्हायला अजून काही वर्षं आहेत. तेवढ्यात हात बसवून घ्या. भारी संगणक लागत नाही, माझा लॅपटॉप जुनाच आहे. बत्तीस सेकंदांची फाइल आधी घ्या, ती मोबाइलच्या डेटावरही सहज उतरते. ती बाइट-बाइट वाचा, मग ओळ-ओळ वाचा, मग एकदम वाचा. तिन्हींचा वेळ वहीत लिहा आणि फरक का पडला ते एकमेकांना समजावून सांगा. शाळेत लिनक्सचे संगणक असतील तर एसट्रेस जरूर चालवून पाहा. वरच्या तीन ओळी माहितीच्या आहेत, त्या सोडा. चौथ्या ओळीपासून आकडे सुरू होतात.